थोरली गौरा

कार्तिक निम्मा सरला की कोल्हापूरच्या हवेत काकवीचा वास उतरतो. सकाळी खिडकी उघडली की कळतं, कुठंतरी गुऱ्हाळ पेटलं. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या सुरू होतात, वळणावर मोडक्या कांड्या पडलेल्या दिसतात, आणि माझी बायको "हंगाम लागला बघा" म्हणत नव्या गुळाची चौकशी करायला पिशवी घेऊन निघते. कोल्हापुरात राहून गूळ न खाणारा माणूस म्हणजे मी. घरच्यांना वाटतं, पथ्य पाळतोय. पाव्हण्यारावळ्यांत तर मला साखर झाल्याची बातमी कधीच पक्की झाली आहे. वास्तविक पन्नाशी ओलांडली तरी साखरेचा पत्ता नाही. पण मी ती बातमी खोडून काढत नाही. खरं कारण सांगायचं तर फार मागं जावं लागतं, आणि मागं जायचं मी टाळतो. वास काही परवानगी विचारून आत येत नाही, ही त्यातली अडचण.

याच दिवसांत आमच्या कचेरीत नवे प्रशिक्षणार्थी येतात. शिकून रिकाम्या बसलेल्या पोरांना सहा महिने सरकारी कामाचा अनुभव द्यायचा, अशी ही जुनी योजना आहे. तिचं नाव अधूनमधून बदलतं, अर्जाचा रंग बदलतो, येणारे चेहरे मात्र तेच असतात. दारात चपला काढायच्या की नाही या विचारात ती पोरं उंबऱ्यावर घुटमळतात. काखेत प्लास्टिकची फाईल, फाईलमध्ये पदवीची झेरॉक्स, आणि डोळ्यांत एक प्रश्न. तो कुणी तोंडानं विचारत नाही. सहा महिन्यांनंतर ठेवून घेतील का, एवढाच तो प्रश्न असतो.

यंदा कोडोलीची स्नेहल आली. संगणकाचा कोर्स केलेली, बोलायला खणखणीत. पहिल्याच दिवशी माझ्या टेबलापुढं उभी राहून म्हणाली, "सर, मला काम सांगा. नुसतं बसवून ठेवू नका." मी चरकलो. हेच वाक्य याच खोलीत मीही एकदा म्हटलं होतं, आणि मला काम सांगितलं गेलं होतं.

तेव्हा नव्वदीचं दशक निम्म्यावर आलं होतं. मी सांख्यिकी घेऊन बी.एस्सी. झालो होतो. वर्गात दुसरा आलो होतो, त्याचा फार तोरा होता. तो तोरा सेवायोजन कार्यालयाच्या रांगेत उतरला. तिथं नाव नोंदवलं की एक कार्ड मिळायचं, आणि मग कॉलची वाट बघायची. माझ्या पुढं उभा असलेला माणूस त्याच कार्डाचं तिसऱ्यांदा नूतनीकरण करायला आला होता. त्याच्या कानावरचे केस पांढरे झाले होते. मी ते बघितलं आणि घरी येऊन जेवलो नाही.

घर म्हणजे इचलकरंजी. माझे वडील यंत्रमागाच्या शेडात जॉबर होते. बिघडलेला माग दुरुस्त करायचा, तुटकी पट्टी बदलायची, धोटा अडकला की सोडवायचा. तीस वर्षं त्या खडखडाटात काढल्यानं त्यांना कमी ऐकू यायचं, आणि ते घरातसुद्धा शेडातल्यासारखं ओरडून बोलायचे. प्रेमानं बोलले तरी शेजारी डोकावायचे.

"काय शिकलास म्हनायचं शेवटी?" एकदा त्यांनी विचारलं.

"स्टॅटिस्टिक्स."

"म्हंजे?"

"आकडे गोळा करायचं, तपासायचं शास्त्र."

"मग कापड मोजायला ये की शेडात," ते म्हणाले आणि स्वतःच हसले. मग हसू थांबवून म्हणाले, "तू शेडात पाय ठेवायचा न्हाईस. एवढं ध्यानात ठेव." त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं मागानं नेली होती. त्याच हातानं त्यांनी माझ्या पाठीवर थापटलं.

कॉल आला तो कार्डावर टाइप केलेला. सहा महिने प्रशिक्षण, जुजबी विद्यावेतन, नोकरीची हमी नाही. शेवटचं वाक्य मी वडिलांना दोनदा वाचून दाखवलं. त्यांनी ते दोन्ही वेळा ऐकलं नाही, किंवा ऐकू आलं नाही असं दाखवलं. "सरकारी हाय न्हवं? मग झालं तर." दुसऱ्या दिवशी शेडात पेढे वाटून आले. जो माणूस नोकरीला लागलाच नव्हता, त्याच्या नोकरीचे ते पेढे होते. त्या पेढ्यांचं ओझं मी सहा महिने वागवलं.

कचेरी जुन्या दगडी इमारतीत होती आणि अजून तिथंच आहे. रेकॉर्डची खोली मागच्या अंगाला. भिंतीभर लाकडी घडवंच्या, त्यांवर लाल कापडात बांधलेली दप्तरं. त्या कापडाला रुमाल म्हणतात हे मला तिथंच कळलं. गाठ सोडली की आतून जुन्या कागदाचा गोडसर, कोंदट वास यायचा आणि बाहेरून काकवीचा. ते दोन वास माझ्या डोक्यात एकमेकांत असे मिसळलेत की आता वेगळे करता येत नाहीत.

त्या खोलीचे धनी होते चौगुले भाऊसाहेब. निवृत्तीला आलेले, कपाळावर भस्माचे पट्टे, खिशाला तीन पेनं. मला बघून म्हणाले, "या पावणं. अक्षर कसं हाय?" मी नाव लिहून दाखवलं. त्यांनी ते चष्मा वर करून बघितलं आणि काम ठरलं. कर्नाटकच्या हद्दीकडच्या गावांची जुनी जन्मनोंदीची रजिस्टरं जीर्ण झाली होती. हात लावला की पानाचा कोपरा हातात येत होता. ती सगळी नव्या रजिस्टरात उतरवून काढायची होती. जन्माची तारीख, बापाचं नाव, मुलाचं नाव, मुलगा की मुलगी. मी लिहायचं, भाऊसाहेबांनी ताडून सही करायची.

"एक ध्यानात ठेवा," ते म्हणाले, "जसं हाय तसं उतरायचं. पानावर माशी चिकटली असंल तर नव्या पानावर बी माशी काढायची. आपली अक्कल लावायची न्हाय."

पहिला महिना मी माशीसुद्धा काढली असती इतका आज्ञाधारक होतो. थंडीत बोटं आखडायची, ती काखेत धरून ऊब द्यायची आणि परत लिहायचं. लोक जन्मत होते, माझ्या हाताखालून पुढच्या पानावर जात होते. दगडू, कृष्णाबाई, भीमा, मालू. कधी नावाच्या जागी नुसतं 'मुलगी' लिहिलेलं. मला त्या कामाची गोडी लागली होती हे कबूल करायला हवं. दुपारी मी उतरवलेलं पान दुरून धरून बघायचो. एक खाडाखोड नसायची.

मग एका गावात मला एकाच तारखेला, एकाच बापाची, एकाच नावाची दोन मुलं सापडली. नोंद सरळसरळ दुबार झाली होती. तशा चार जोड्या निघाल्या. मी चौगुले भाऊसाहेबांना न सांगता ती यादी साहेबांकडे नेली, कारण माझ्या प्रशिक्षणाचा शेरा साहेब लिहिणार होते आणि त्या वर्षी कचेरीत कारकुनाची एक जागा रिकामी होती. साहेबांनी यादी बघितली, मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "असं डोकं पाहिजे. आणखी कुठं दुबार असेल तर गाळून टाका."

भाऊसाहेबांना हे कळलं तेव्हा ते चिडले नाहीत. विड्याचं पान लावत म्हणाले, "सायेब खूश झाले, झ्याक झालं. पण पोरा, ज्यानं त्या येळी लिवलं त्यो बी काय येडा नव्हता."

मी ते ऐकलं आणि मनात म्हटलं, म्हातारं जळतंय. त्या वयात माझं डोकं असं चालायचं.

पुढची गावं मी उतरवली ती शिकाऱ्याच्या नजरेनं. विद्यापीठात शिकवलं होतं की माहिती हाती आली की आधी ती साफ करायची, दुबार काढायचं. मी साफ करत सुटलो. एकाच तारखेच्या जोड्या आता सापडत नव्हत्या, म्हणून मी चाळणी जरा सैल केली. बाप एक, नाव एक, दोघी मुली, तारखांत वर्ष दीड वर्षाचं अंतर. मी ठरवलं, आधी चुकीच्या वर्षात लिहिलं असणार आणि मग कुणीतरी ते सुधारून पुन्हा लिहिलं असणार. हे ठरवायला मला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. आधीची ओळ मी गाळली. अशा सतरा ओळी गाळल्या. अनुक्रमांक नव्यानं घातले, त्यामुळं मध्ये कुठं खड्डा दिसेना. भाऊसाहेबांनी प्रत्येक रजिस्टराची पहिली चार पानं ताडली आणि पुढं माझ्या अक्षरावर भरवसा ठेवून सह्या केल्या.

चैत्र लागता लागता निंगव्वा आली.

दुपारची वेळ होती. भाऊसाहेब पान खायला खाली गेले होते. दारात एक म्हातारी उभी, इरकली लुगडं, कपाळाला आडवं भस्म, हातात कापडाचं गाठोडं. हद्दीकडच्या गावातून पहाटेची एसटी धरून आली होती. मला म्हणाली, "तम्मा, माझ्या पोरीचा जल्माचा दाखला पायजे." तिकडं धाकट्या भावाला तम्मा म्हणतात. मला त्या कचेरीत कुणी नात्यानं हाक मारलेली ती पहिली वेळ.

"कशाला हवाय?"

"अंगणवाडीत मदतनीस घ्यायल्यात. वय दाव म्हनत्यात. पोरगी तोडीला गेलीया नवऱ्यासंगं, म्हनून मी आलो. ऊस काय थांबतोय व्हय कुनासाठी?"

मी गाव विचारलं, नवऱ्याचं नाव विचारलं. नवं रजिस्टर काढलं. दोन मिनिटांत नोंद सापडली. गौरा, मुलगी, तारीख, सगळं माझ्या सुंदर अक्षरात. उतारा लिहिला, तिचा अंगठा घेतला. शाई पुसायला मी कागद दिला. ती तो तसाच हातात धरून उभी राहिली.

"आता थोरलीचं वाचून दाव की."

"थोरली कोण?"

"थोरली गौरा. हिच्या वरची. सात म्हैन्याची हून गेली. मग दिस गेले, ही झाली, तर सासू म्हनाली, तीच माघारी आलीया, तेच नाव ठेवा. म्हनून ही बी गौरा. आमच्याकडं असंच करत्यात."

ती आपल्याच नादात सांगत होती. "हिला साळंत घालताना आमी आलतो न्हवं, तवा हितल्या भाऊसायबानी दोनी वाचून दावलंवतं. आधीच्या पानावर थोरली, मागनं धाकटी. म्हटलं, आलोयच तर ऐकून जावं. मला वाचाय येत न्हाय. आन तिचं आमच्याकडं दुसरं काय बी न्हाय बघ. फोटू न्हाय, कुंची न्हाय. नाव तेवढं तुमच्याकडं हाय."

सतरा ओळी एकदम डोळ्यांपुढं आल्या. मृत्यूचं रजिस्टर वेगळ्या घडवंचीवर होतं, ते मी पुढं बघितलं. त्यात बापाच्या नावापुढं 'एक मुलगी, वय सात महिने' एवढंच होतं. तान्ह्या पोरांची नावं त्यात लिहीत नसत. म्हणजे गौरा हे त्या पोरीचं नाव साऱ्या जगात एकाच ओळीत होतं, आणि ती ओळ मी दुबार म्हणून गाळली होती.

जुनं रजिस्टर नष्ट झालेलं नव्हतं. वरच्या फळीवर त्याचा लाल रुमाल मला बसल्या जागेवरून दिसत होता. शिडी दोन हातांवर होती. चढायचं, गाठ सोडायची, पान काढायचं, वाचायचं. पण वाचलं असतं तर नव्या रजिस्टरात ते का नाही हे सांगावं लागलं असतं, आधी भाऊसाहेबांना आणि मग साहेबांना. शेऱ्याला आठ दिवस उरले होते. इचलकरंजीत पेढे वाटून झाले होते.

"एकच नोंद आहे, आजी," मी म्हणालो.

"नीट बघ की तम्मा."

मी पान मागं उलटलं. बोट वरपासून खालपर्यंत फिरवलं. बघण्याचं नाटक इतकं चांगलं वठलं की माझं मलाच खरं वाटलं. "नाही," मी म्हणालो. "एकच गौरा आहे."

ती बराच वेळ त्या पानाकडं बघत राहिली. जे वाचता येत नव्हतं त्याच्याकडं. मग हळू म्हणाली, "मग मी काय सपान बघितलं व्हय?"

त्याला माझ्याकडं उत्तर होतं. मी रजिस्टर मिटलं. तिनं उताऱ्याची घडी चोळीत ठेवली, गाठोडं सोडून नव्या गुळाचा एक खडा काढला आणि टेबलावर, माझ्या त्या रजिस्टराशेजारी ठेवला. "तोंड गोड कर. येवढं लिवून दिलास. तुजं बी काम कायम होऊ दे." आणि गेली. गूळ कागदाला चिकटून राहिला होता. मी तो खिडकीतून बाहेर टाकला आणि हात धुऊन आलो. हाताचा वास दोन दिवस गेला नाही.

साहेबांनी शेरा लिहिला. तो मला अजून पाठ आहे. 'अत्यंत दक्ष. जुन्या नोंदींतील दुबारपणा स्वतःहून निदर्शनास आणला.' त्या शेऱ्यावर मला आधी एकोणतीस दिवसांची ऑर्डर मिळाली, मग एक दिवसाचा खंड, मग परत एकोणतीस दिवस. प्रत्येक ऑर्डर हातात पडली की मी ठरवायचो, ही एवढी कायम झाली की शिडीवर चढायचं. कायम झाल्यावर ठरवलं, लग्न होऊ दे. माणसाला थांबायला कारणं किती मिळतात याचा अंदाज मला सांख्यिकीत कुणी शिकवला नव्हता. एक मात्र केलं. त्या दुपारनंतर उतरवायला आलेल्या गावांतली एकही जोडी मी मोडली नाही. शिकाऱ्यालाच शिकारीचं भय बसलं होतं, एवढंच. त्याला कुणी प्रायश्चित्त म्हणू नये.

वडिलांना कायमची ऑर्डर दाखवायला नेली तेव्हा ते शेडात होते. त्या खडखडाटात त्यांनी कागद उजेडाकडं धरला, तीन बोटांच्या हातानं त्यावरचा शिक्का चाचपला. ते काहीतरी बोलले. मला ऐकू आलं नाही. आयुष्यभर ओरडून बोलणारा माणूस तेवढं एक वाक्य हळू बोलला. काय म्हणालात हे विचारायचं मला धाडस झालं नाही, कारण ते 'शाबास' असतं तर मला सोसलं नसतं.

भाद्रपदात गौरी येतात. आमच्या गल्लीत बायका पाण्यावरून गौर आणतात, दारात थांबतात, आणि आतली बाई विचारते, गौर कशाच्या पावलांनी आली. घरभर रांगोळीची छोटी छोटी पावलं उमटतात, उंबऱ्यापासून देवघरापर्यंत, मग माजघरात, मग कोठीपाशी. मी त्या दिवशी कचेरीत उशिरापर्यंत काम काढून बसतो. ती पावलं सात महिन्यांच्या पोरीची वाटतात मला. सात महिन्यांचं मूल चालत नाही हे ठाऊक असूनही. आम्हाला मुलगी झाली ती ऐन गौरीच्या सणात. सगळ्यांच्या तोंडी एकच नाव आलं. मी नको म्हणालो. बायकोनं कारण विचारलं, आईनं विचारलं. मी कधी नव्हे तो वडिलांच्या आवाजात ओरडलो, आणि पोरीचं नाव स्वाती ठेवलं गेलं. बायको ते अजून विसरलेली नाही.

एकदा मी निंगव्वाच्या गावी गेलो होतो. एसटीतून उतरलो, पाण्याच्या टाकीजवळ उभा राहिलो. पारावरच्या एकानं विचारलं, "कुनाकडं आलाय पावणं?" मला नाव सांगता आलं असतं. मी म्हटलं, चुकून उतरलो. परतीची गाडी येईपर्यंत तिथंच उभा होतो, आणि तेवढ्या वेळात रस्त्यानं गेलेल्या प्रत्येक म्हातारीचं तोंड चुकवत होतो.

परत आलो ते पक्कं ठरवून. दुसऱ्या दिवशी शिडी लावली, वर चढलो, रुमालाची गाठ सोडली. आत मातीचा लगदा होता. पावसाळ्यात छत गळलं होतं आणि वर वाळवी लागली होती. पानांच्या जागी वाळवीचे नागमोडी रस्ते. मी बोटानं उकरून बघितलं. एका तुकड्यावर निळ्या शाईचा अर्धा काना सापडला. तो कुणाच्या नावातला होता कोण जाणे. चौगुले भाऊसाहेब तोवर निवृत्त होऊन वारलेही होते. त्या वर्षी निकामी झालेल्या अभिलेखांची यादी करायचं काम माझ्याकडं आलं. ती यादीसुद्धा माझ्याच अक्षरात आहे, स्वच्छ, एकही खाडाखोड नाही.

आणि मग धाकटी गौरा आली. या गोष्टीला तीन वर्षं होतील. दुसऱ्याच कसल्या कागदासाठी आली होती. पन्नाशीकडं झुकलेली बाई, अंगणवाडीतली नोकरी धरून राहिलेली. मी नाव वाचलं आणि खुर्ची पुढं केली. तिला नवल वाटलं, सरकारी कचेरीत कुणी तिला बस म्हणत नसणार. मी उगीच इकडचं तिकडचं बोलत विचारलं, "आई कशा आहेत?"

"गेली की दोन वर्सं झाली. तुमी वळखत व्हता?"

"एकदा आल्या होत्या. तुमचा दाखला न्यायला."

"व्हय व्हय, सांगायची. लई चांगला पोरगा हाय म्हनायची कचेरीत." ती हसली. मग पदरानं उगीच तोंड पुसत म्हणाली, "शेवटाला डोस्कं फिरल्यागत झालंवतं तिचं. माझ्या आधी एक पोर झालती तिला, गेली. जल्मभर तिच्या नावानं सणाला वायला घास काढून ठेवायची. आमी लहानपनापासनं बघितल्यालं. आन शेवटाला काय म्हनायची ठावं हाय? ती पोर झालीच न्हवती म्हनायची. सरकारात लिवल्यालं न्हाय, मला सपान पडलंवतं. घास ठेवायचा बी बंद केला."

तेव्हा मी बोलायला हवं होतं. समोर तीच बाई होती जिला सांगायला हवं होतं. मी तिचा कागद दहा मिनिटांत करून दिला. माझ्या हातून एवढंच होतं. फाटकापर्यंत तिच्याबरोबर चालत गेलो, आणि परत येऊन जिन्यात बसून रडलो. शिपायानं विचारलं तर म्हटलं, धुळीनं होतंय.

सतरा ओळींतल्या या एकीचं नाव मला माहीत आहे, कारण तिची आई विचारायला आली. बाकीच्या सोळांचं कुणी विचारायला आलं नाही. त्यांची नावं मी विसरलो. त्यांतल्या किती खऱ्या दुबार होत्या आणि किती थोरल्या, हे आता कुणालाच सांगता यायचं नाही. कचेरीत रांगेत कुणी कुणाला नुसतं हाक मारलं तरी मी मान वर करतो. आपल्यालाच कुणीतरी विचारतंय असं वाटतं.

तर स्नेहल. तिला काम मिळालं ते माझी रजिस्टरं संगणकात भरायचं. ज्या टेबलावर मी ती लिहिली, तिथंच आता संगणक बसलाय. पहिल्याच दिवशी म्हणाली, "काय अक्षर आहे सर तुमचं. छापल्यागत." मी तिला पाणी आणायला पाठवलं.

काल दुपारी ती खुर्ची ओढून माझ्याकडं वळली. चेहरा उजळलेला. तो उजेड मी ओळखतो.

"सर, गंमत सापडली. ह्या गावात बघा, वडील एक, नाव एक, मुलगी. दोन वेळा आलंय. संगणकानंच पकडलं. मी सगळीकडं शोधून यादी करू? साहेबांना दाखवली तर खूश होतील की."

निंगव्वा येऊन गेल्यानंतर उतरवलेलं ते गाव होतं. दोन्ही ओळी जागेवर होत्या.

"राहू दे," मी म्हणालो. "दोघी होत्या."

"तारखेत दीड वर्ष आहे फक्त."

"पहिली गेली. म्हणून दुसरीला तेच नाव ठेवलं. तिकडं असंच करतात."

स्नेहलचा हात कळफलकावरून खाली आला. आपण काय पुसणार होतो ते तिला कळलं असावं. तिनं दोन्ही नावं भरली, सावकाश. मग विचारलं, "तुम्हाला कुणी सांगितलं सर हे?"

"एक आजी आल्या होत्या."

"कुठल्या? त्यांच्या गावात पण असेल तर मी जपून भरते."

मी गावाचं नाव सांगितलं. इतक्या वर्षांत ते मी मोठ्यानं उच्चारलं नव्हतं. तिनं रजिस्टर काढलं, वर्ष विचारलं, बापाचं नाव विचारलं. मी सगळं सांगत गेलो. मला थांबता आलं असतं. तिच्या बोटाला धाकटी सापडली. मग तिनं मागचं पान उलटलं, वरपासून खालपर्यंत बघितलं, आणि मान हलवली.

"इथं एकच गौरा आहे, सर."

खिडकी उघडी होती. बाहेरून तोच गोड वास आत येत होता.

"नीट बघ की," मी म्हणालो.

माझा आवाज ऐकून ती जरा दचकली. मग मुकाट्यानं पुन्हा पहिल्या ओळीवर बोट ठेवून एकेक नाव वाचत खाली जाऊ लागली. तिचं बोट जिथं थांबायला हवं होतं, तिथून ते पुढं सरकलं.